नाबोथचा मळा, मुळशीचे खोरे आणि मनावर लिहिलेला नियम



ग्रामसभेत हात वर झाले, सोसायटीच्या बैठकीत ठराव मंजूर झाला किंवा घरातल्या थोरामोठ्यांनी बसून ठरवले, की 'सगळ्यांचे एकमत झाले, आता प्रश्नच नाही' असे आपण म्हणतो. कधी याच्या उलटही म्हणतो : 'लोक काहीही म्हणोत, कायद्यात बसते ना? मग झाले.' या दोन्ही वाक्यांत काही तथ्य आहे, पण ख्रिस्तसभा त्यांपैकी एकाही वाक्यावर थांबत नाही. कायदा आणि लोकांचे एकमत या दोहोंच्या मुळाशी आणखी एक नियम आहे, असे ती शिकवते. त्याला नैसर्गिक नियम म्हणतात. आजच्या पाठात आपण या नियमाचा आणि लोकसंमतीचा संबंध काय, हे पाहणार आहोत. त्यासाठी फार दूर जायची गरज नाही. आपल्याच मुळशी तालुक्यात शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्न हजारो माणसांच्या दारात येऊन उभा राहिला होता.

शास्त्रपाठ : राजांचे पहिले पुस्तक, अध्याय २१

प्रथम हा अध्याय घरी सर्वांनी मिळून वाचावा. इज्रेल गावात नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा होता आणि तो अहाब राजाच्या वाड्याला लागून होता. राजाला तिथे भाजीचा मळा करायचा होता. राजाने सुरुवातीला जबरदस्ती केली नाही, हे लक्षात घ्या. त्याने त्याहून चांगला मळा देऊ केला किंवा हवे तर रोख किंमत देऊ केली. आजच्या भाषेत सांगायचे तर मोबदला चांगला होता. नाबोथने नकार दिला. वाडवडिलांकडून आलेले वतन आपल्याला विकता येत नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते.

पुढे ईजबेल राणीने जे केले ते सारे रीतसर दिसेल असेच केले. राजाच्या शिक्क्याची पत्रे गेली, गावचे वडीलधारे जमले, उपासाची दवंडी पिटली, दोन साक्षीदार उभे राहिले, आरोप झाला आणि लोकांनी नाबोथला गावाबाहेर नेऊन दगडमार केला. शिक्का होता, साक्ष होती, सभा होती आणि गावाचे एकमतही होते. तरीही परमेश्वराने एलिया संदेष्ट्याला पाठवून अहाबला विचारले ते खून आणि लूट याविषयीच. सरकारी शिक्का आणि गावाची संमती ही दोन्ही एकत्र आली तरी अन्यायाचा न्याय होत नाही, हे या अध्यायातून आपल्याला दिसते.

मनावर लिहिलेला नियम

मग न्याय ओळखायचा कशावरून? संत पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सांगतो की, ज्यांना मोशेचे नियमशास्त्र मिळाले नाही तेही स्वभावतः त्यातल्या गोष्टी करतात, कारण तो नियम त्यांच्या अंतःकरणावर लिहिलेला आहे आणि त्यांची विवेकबुद्धी त्याची साक्ष देते. म्हणजे योग्य-अयोग्य ओळखण्याची ही शक्ती फक्त ख्रिस्ती माणसाला मिळालेली नाही. ती माणूस म्हणून प्रत्येकाला मिळालेली आहे.

तेराव्या शतकात संत थॉमस ॲक्वायनस यांनी याच विचाराची मांडणी केली. कायदा कशाला म्हणावे, याच्या त्यांनी चार खुणा सांगितल्या. तो विवेकाला धरून असावा. तो सर्वांच्या हितासाठी असावा. ज्याच्यावर समाजाची जबाबदारी आहे त्याने तो केलेला असावा. आणि तो लोकांना जाहीर केलेला असावा. यांतली पहिली किंवा दुसरी खूण नसेल तर तो कायद्यापेक्षा जुलूमच अधिक ठरतो, असे त्यांचे मत आहे.

लोकांच्या संमतीला संत थॉमस कमी लेखत नाहीत. स्वतंत्र लोकसमाजात एखाद्या रूढीमागे असलेल्या सर्वांच्या संमतीला राज्यकर्त्याच्या अधिकाराहून जास्त वजन आहे, असे ते म्हणतात. पण त्याबरोबर ते सावधही करतात. वाईट सवयींमुळे आणि वाईट रूढींमुळे संपूर्ण समाजाची समज अंधारू शकते. जुन्या जर्मन टोळ्यांमध्ये लूटमार चुकीची मानली जात नसे, हे उदाहरण त्यांनी ज्युलियस सीझरच्या लिखाणावरून दिले आहे. सगळ्या टोळीचे एकमत होते म्हणून चोरी ही चोरी राहिली नाही काय?

आपल्या शेजाऱ्यांना हा विचार परका नाही. मराठी माणूस एखादी गोष्ट 'धर्माला धरून नाही' असे म्हणतो, तेव्हा बहुधा त्याच्या मनात पूजापाठ नसतो. ती गोष्ट माणुसकीला सोडून आहे, असे त्याला म्हणायचे असते. २००९ साली आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने रोममध्ये नैसर्गिक नियमावर एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात हिंदू, बौद्ध, चिनी, आफ्रिकी आणि इस्लामी परंपरांमध्येही अशा सर्वमान्य नीतीचा शोध चाललेला आहे, याची आदराने नोंद घेतली आहे.

मुळशीत काय घडले

मुळा आणि निळा या नद्यांच्या खोऱ्यात मावळे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या भातशेती करत होते. पहिल्या महायुद्धानंतर टाटांच्या वीज कंपनीने मुळशी येथे धरण बांधण्याची योजना पुढे आणली. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवायचे, ते कोकणाच्या बाजूला खाली सोडायचे आणि त्यावर मुंबईच्या गिरण्यांसाठी व रेल्वेसाठी वीज तयार करायची, अशी ती योजना होती. त्यात पन्नासच्या आसपास गावांवर संकट येणार होते. मुंबई सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेतला. त्या कायद्यात मालकाने मोबदल्याबद्दल तक्रार करण्याची सोय होती, पण 'आम्हाला जमीन द्यायचीच नाही' असे म्हणणाऱ्याचे म्हणणे शेवटी मानलेच पाहिजे, असे बंधन कोणावरही नव्हते.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. शेकडो मावळे, त्यांत स्त्रियाही, धरणाच्या कामावर जाऊन बसले. काम काही महिने थांबले आणि पुन्हा सुरू झाले. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट या लढ्याचे पुढारी होते. 'सेनापती' ही पदवी त्यांना इथेच मिळाली. 'जान किंवा जमीन' ही सत्याग्रहींची घोषणा होती. अनेकांनी तुरुंगवास भोगला. शेवटी १९२४ साली बापटांनी अहिंसेची मर्यादा ओलांडून कामगारांची रेल्वेगाडी शस्त्रानिशी अडवली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७ पर्यंत धरण पूर्ण झाले आणि भिऱ्याच्या वीजगृहातून मुंबईला वीज जाऊ लागली.

त्या शस्त्राचे समर्थन आपण करू शकत नाही. पण लढ्यामागचा प्रश्न खरा होता. एप्रिल १९२१ मध्ये महात्मा गांधींनी 'यंग इंडिया' पत्रात मुळशीविषयी लिहिले. टाटांनी कायदेशीर हक्कावर अडून न राहता लोकांशी विचारविनिमय करावा आणि त्यांच्या सल्ल्याने काय ते करावे, अशी त्यांची विनंती होती. एकाही गरिबाच्या मनाविरुद्ध लादलेल्या लाभाची किंमत ती काय, असा प्रश्नही त्यांनी विचारला होता. गांधीजी ख्रिस्ती नव्हते आणि संत थॉमसच्या शिकवणीचा त्यांनी उल्लेख केला नाही. तरी त्यांचे बोलणे त्याच नियमाला धरून होते, कारण तो नियम त्यांच्याही अंतःकरणावर लिहिलेला होता.

दोन वेगवेगळ्या उणिवा

मुळशीच्या घटनेत दोन उणिवा आहेत आणि त्या वेगवेगळ्या ओळखायला हव्यात.

पहिली उणीव म्हणजे संमतीशिवाय कायदा. वीज ही चांगली गोष्ट आहे आणि मुंबईच्या कामगारालाही तिचा उपयोग होता. सर्वांच्या हितासाठी काही वेळा खाजगी जमीन घ्यावी लागते, हे ख्रिस्तसभा नाकारत नाही. पृथ्वीवरील वस्तू सर्व माणसांसाठी आहेत, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट सांगितले आहे. परंतु 'सर्वांच्या हितात' ज्यांचे घर बुडणार तेही धरलेले असले पाहिजेत. ज्याला विचारलेच नाही त्याला आपण मोजलेलेही नाही, असा त्याचा अर्थ होतो. विवेकबुद्धी प्रत्येकाला मिळाली आहे. म्हणून प्रत्येकाचे म्हणणे ऐकणे हा केवळ शिष्टाचाराचा भाग राहत नाही. देवाने ज्याला बुद्धी दिली त्याचा मान राखण्याचा तो भाग आहे.

दुसरी उणीव अधिक नाजूक आहे : न्यायाशिवाय संमती. मुळशीच्या खोऱ्यातील बऱ्याच जमिनी कर्जापोटी पुण्यातील सावकारांकडे आणि जमीनदारांकडे गेलेल्या होत्या. प्रत्यक्ष कसणारा मावळा कूळ म्हणून राबत होता. पुढे मोबदल्याची बोलणी सुरू झाली, तेव्हा ज्यांच्या नावावर कागद होता त्यांनी वाढीव रकमेवर तडजोड स्वीकारली. कसणाऱ्याचा लढा एकाकी पडला. कागदोपत्री पाहिले तर इथे संमती झाली होती. पण कोणाची? ज्याचे पोट त्या जमिनीवर अवलंबून होते त्याची नव्हे.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात मजुरीविषयी जे सांगितले ते इथे लागू पडते. मालक आणि मजूर यांनी एखादी मजुरी आपापसांत कबूल केली म्हणून ती न्याय्य ठरत नाही. माणसाला आणि त्याच्या कुटुंबाला जगता आले पाहिजे, हा नैसर्गिक न्याय कोणत्याही कराराहून जुना आणि वरचा आहे. गरजेपोटी किंवा भीतीपोटी दिलेला होकार हा मोकळा होकार नव्हे. मे २०२५ मध्ये निवडून आलेले पोप लिओ चौदावे यांनी आपले नाव निवडताना याच परिपत्रकाचे स्मरण केले, हे आपणास ठाऊक असेलच.

एकमत चुकते तेव्हा

मुळशीचे पाणी घाट उतरून तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात गेले. त्याच कुलाबा जिल्ह्यात, धरण पूर्ण झाले त्याच १९२७ साली, पाण्याचाच दुसरा प्रश्न उभा राहिला. मुंबई विधिमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. म्हणजे ठराव होते, पण गावातील वरच्या जातींचे एकमत त्याविरुद्ध होते. म्हणून तळ्याचे पाणी प्रत्यक्षात कोणाला घेता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर त्या लोकांवर हल्ला झाला. न्यायालयीन लढाई पुढे १९३७ पर्यंत चालली आणि निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला.

मुळशीत कायदा चुकीचा होता आणि लोक बरोबर होते. महाडात ठराव बरोबर होता आणि गावकी चुकीची होती. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. कायदा किंवा बहुमत यांपैकी एकालाच कायमचा न्यायाधीश नेमून आपल्याला मोकळे होता येत नाही. पिलाताच्या अंगणातही जमावाचे एकमत होते आणि रोमन सत्तेचा शिक्काही होता, हे आपण दर शुभ शुक्रवारी ऐकतो.

खरी लोकसंमती म्हणजे काय

या विषयावर गेल्या शतकात अमेरिकेतील येशूसंघीय धर्मगुरू फादर जॉन कोर्टनी मरे यांनी मोठे चिंतन केले. १९६० साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अनेक धर्मांच्या लोकांनी एका देशात एकत्र राहायचे तर त्यांना कशाचा तरी सामाईक आधार हवा. तो आधार म्हणजे मतदानातली बेरीज नव्हे, असे ते म्हणत. काही सत्ये आपण सर्व विचारपूर्वक मान्य करतो आणि त्यांच्याविषयी एकमेकांशी कारणे देऊन बोलत राहतो, ही त्यांच्या मते खरी लोकसंमती. कारणे देणे थांबले आणि नुसता जोर उरला, की समाज रानटी होऊ लागतो. काही काळ फादर मरे यांना धर्म आणि राज्य या विषयावर लिहू नये असे सांगण्यात आले होते. त्यांनी ते मानले. पुढे त्यांना व्हॅटिकन परिषदेत बोलावण्यात आले आणि धर्मस्वातंत्र्यावरील जाहीरनाम्याच्या मांडणीत त्यांचा मोठा वाटा राहिला.

आपल्या देशातही हेच घडले आहे. संविधान सभेत निरनिराळ्या धर्मांचे लोक बसले होते. येशूसंघीय धर्मगुरू फादर जेरोम डिसोझा हेही तिचे सदस्य होते. कोणी कोणावर आपले धर्मशास्त्र लादले नाही. तरी न्याय, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांवर सर्वांचे एकमत झाले. अस्पृश्यता नष्ट करण्यात आली. महाडच्या गावकीचे एकमत एका बाजूला आणि विचाराने घडलेले हे एकमत दुसऱ्या बाजूला ठेवून पाहा. ज्याला बाहेर ठेवले होते त्याला आत घेतले आहे का, ही त्यांतला फरक ओळखण्याची खूण आहे.

जमिनीच्या बाबतीतही ही समज हळूहळू वाढली. १८९४ चा कायदा १ जानेवारी २०१४ पासून गेला आणि २०१३ चा नवा भूसंपादन कायदा लागू झाला. खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ज्यांची जमीन जाणार अशा ८० टक्के बाधित कुटुंबांची आणि सरकार व खाजगी कंपनी यांच्या भागीदारीतील प्रकल्पासाठी ७० टक्के कुटुंबांची आगाऊ संमती त्यात आवश्यक ठरवली गेली. ही संमती कुळांकडून आणि शेतमजुरांकडून घेण्याचे बंधन नव्हते, तरी आधीची तीन वर्षे त्या जमिनीवर उपजीविका करणारी कुळे आणि शेतमजूर यांचीही बाधित कुटुंबांत गणना केली गेली. मुळशीच्या मावळ्यांना जे मिळाले नाही त्यातले काही जवळजवळ नव्वद वर्षांनी कायद्याच्या पुस्तकात आले. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रकात हेच सांगितले : प्रकल्पाविषयी सर्व संबंधितांत सहमती घडवावी आणि त्या चर्चेत स्थानिक लोकांना विशेष स्थान असावे.

पण पुस्तकात आले म्हणजे जीवनात आले असे नाही. ८० टक्क्यांच्या संमतीनंतर उरलेल्या २० टक्क्यांचे काय, हा प्रश्न विवेकबुद्धीला उरतोच. नाबोथ एकटाच होता.

आपल्या घरात, आपल्या गावात

हिंजवडी, पिरंगुट, पौड या पट्ट्यात गेल्या तीस वर्षांत जमिनीचे भाव कुठल्या कुठे गेले. आपल्यातील अनेक कुटुंबे कामाधंद्यासाठी या भागात आली. काहींनी इथे घरे घेतली, काहींची अहिल्यानगर जिल्ह्यात अजून शेती आहे. म्हणून हा पाठ आपल्याला अगदी घरात येऊन भिडतो. तीन गोष्टी आपण करू या.

पहिली गोष्ट, बहिणीची सही. जमीन विकायची वेळ आली की बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. 'ताई काही म्हणायची नाही' असे आपण गृहीत धरतो. भारतीय वारसा कायदा १९२५ नुसार ख्रिस्ती पित्याने मृत्युपत्र केले नसेल तर मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखाच असतो. बहिणीला हे सांगितले का? कागद वाचायला वेळ दिला का? 'नाही' म्हटले तर माहेर तुटेल ही भीती तिच्या मनात आहे का? तिने मोकळ्या मनाने सोडले तर ते तिचे प्रेम आहे. भीतीने सोडले तर ती कागदावरची संमती आहे, न्याय नव्हे.

दुसरी गोष्ट, ग्रामसभा आणि सोसायटीची सभा. आपण संख्येने थोडे आहोत म्हणून मागे बसतो. तसे करू नये. तिथे बोलताना 'आमच्या धर्मात असे सांगितले आहे' एवढे म्हणून भागणार नाही. सर्वांना पटेल असे कारण द्यावे. पाण्याची पाळी, कामगारांच्या झोपड्या, घरकाम करणाऱ्या बायांसाठी लिफ्ट बंद करण्याचा ठराव, असे विषय येतात तेव्हा एकच प्रश्न उभे राहून विचारावा : 'ज्यांच्यावर याचा परिणाम होणार आहे त्यांना कोणी विचारले आहे का?' हा प्रश्न समजायला बाप्तिस्मा लागत नाही.

तिसरी गोष्ट, स्वतःच्या विवेकबुद्धीचे शिक्षण. विवेकबुद्धी म्हणजे मनाला येईल ते नव्हे. ती प्रार्थनेने, शास्त्रवाचनाने, ख्रिस्तसभेच्या शिकवणीने आणि दुसऱ्याचे ऐकून घेण्याने घडते. गर्दी चुकीच्या बाजूला असताना एकटे उभे राहण्याचे बळ अशा घडलेल्या विवेकबुद्धीलाच येते. आणि स्वतःची चूक दिसली तर मागे येण्याचे शहाणपणही तिलाच असते.

मुळशीच्या धरणाच्या पाण्याखाली भातखाचरे आहेत आणि त्या पाण्यावर तयार झालेल्या विजेने अनेकांच्या घरी दिवे लागले आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ते धरण आज कोणी मोडायला सांगत नाही. परंतु पुढच्या वेळी निर्णय घेताना, मग तो तालुक्याचा असो, सोसायटीचा असो की आपल्या चार भिंतींमधला असो, ज्याचे जाणार आहे त्याला आधी विचारायचे, एवढे तरी आपण त्या मावळ्यांचे देणे लागतो.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. अहाबने देऊ केलेली किंमत योग्य असूनही नाबोथने नकार दिला. त्याचा नकार आपल्याला पटतो का? का पटतो किंवा पटत नाही?

२. आपल्या कुटुंबात अलीकडे झालेल्या एखाद्या मोठ्या निर्णयात कोणाला विचारायचे राहून गेले का?

३. आपल्या वस्तीतील एखाद्या प्रश्नावर इतर धर्मांच्या शेजाऱ्यांशी कोणती कारणे देऊन बोलता येईल?

प्रार्थना

हे प्रभू परमेश्वरा, तुझा नियम तू प्रत्येक माणसाच्या अंतःकरणावर लिहिला आहेस. तो वाचण्याची नम्रता आम्हांला दे. आमच्या सभांमध्ये दुबळ्याचा आवाज बुडू देऊ नकोस. आमच्या घरांत कोणाचीही सही भीतीने होऊ देऊ नकोस. ज्यांच्या जमिनी आणि घरे गेली त्यांना न्याय मिळो आणि तो देण्यात आमचाही हात लागो. आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताद्वारे आम्ही हे मागतो. आमेन.